नानामामांचा न चुकणारा रोबो

नानामामांचे फॉरवर्ड मी एरवी न वाचताच सोडून देतो. पण परवाचा ‘एआय शस्त्रांचं सत्य’ भाच्याने एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडतात त्या मुलाखतीच्या वहीत उतरवून घेतला, म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो: यंत्र चुकत नाही, माणूस बाजूला केला की युद्धात चुकून कुणी मरणार नाही. लगेच खाली: अमेरिकेत एआय ड्रोनने स्वतःच्याच चालकाला मारलं! अहो, मग चुकलं की नाही? बरं, ते घडलेलंही नाही. मे २०२३ मध्ये लंडनच्या एका परिषदेत अमेरिकी हवाई दलाचे कर्नल टकर हॅमिल्टन तसं बोलले, आणि बोलण्यात चूक झाली, ती नुसती कल्पना होती, हेही त्यांनीच नंतर सांगितलं.

खरं घडलेलं सांगतो. २३ मार्च २००३, इराक युद्ध. ब्रिटिशांचं टॉर्नेडो विमान कुवेतच्या तळाकडे परतत होतं. येणारी क्षेपणास्त्रं, विमानं पाडणाऱ्या अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने ते रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं. विमानाकडून ‘मी आपलाच’ असा ओळखीचा संकेत आला नाही. पॅट्रियट चालवणाऱ्या तुकडीच्या हातात जेमतेम मिनिटभर. त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला आणि मारा केला. विमानातले दोघेही गेले. क्षेपणास्त्र ओळखण्याचे निकष फार सैल होते, असं ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या चौकशीत निघालं. दहा दिवसांनी पॅट्रियटनेच अमेरिकी नौदलाचं हॉर्नेट विमान पाडलं.

‘ते कुठे एआय होतं?’ असं मामा म्हणणार. नव्हतंच. ठरावीक नियम होते, म्हणून निदान कुठला नियम चुकला ते बोट ठेवून सांगता आलं. लाखो चित्रं पाहून शिकलेल्या एआय मॉडेलने उद्या ट्रॅक्टरला रणगाडा म्हटलं, तर चौकशी समिती बोट कुठे ठेवणार? आणि टॉर्नेडोच्या वेळी माणूस होताच की तिथे. नुसता बसवून भागत नाही. त्याला नाही म्हणायला वेळ आणि माहिती लागते.

एक मान्य. जहाजावर क्षेपणास्त्र येऊन आदळायला काही सेकंद उरलेत, तिथे माणसाचा हात पुरा पडत नाही. जहाजावरची फॅलँक्स तोफ अशा वेळी आपणहून गोळ्या झाडते. पण ते बचावापुरतं.

राहिली मेसेजमधली अशा शस्त्रांवरची युनोची ‘बंदी, भारताच्या पाठिंब्यासह’. बंदी नाहीच. डिसेंबर २०२३ च्या आमसभेच्या ठरावात महासचिवांकडून फक्त अहवाल मागवला होता. बाजूने १५२, विरोधात ४, आणि त्या चारांत भारत! ही चर्चा जिनिव्हात शस्त्रांवरच्या कराराखाली चालते तिथेच व्हावी, ही आपली भूमिका. पुढच्या वर्षीच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो.

भाच्याला म्हटलं, ते पान फाड. भारताने बंदीला पाठिंबा दिला असं बोलून बसलास, तर समोरचे साहेब पुढचे सगळे प्रश्न तिथूनच काढतील.