‘कष्टकऱ्याला दुखणं नसतं’ म्हणे!

उन्हाळा लागला की आमच्या जळगावकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. रावेर-यावलचे केळीमजूर ४५ अंशांत राबतात, त्यांना ना बीपी ना गुडघेदुखी. दुखणी ही पैसेवाल्यांची चोचली, असा त्याचा सूर. यंदा तो मला आमच्याच काकांकडून आला, म्हणून हे लिहितोय.

मजूर तक्रार करत नाही, म्हणजे त्याला काही होत नाही? माझी मावशी कापूस वेचायला जायची. कंबरेचं विचारलं की म्हणायची, “दुखस ते दुखस, काम कोन करी?” दवाखाना म्हणजे बुडालेली रोजी, वर एसटीचं भाडं. अशी दुखणी कुठल्या कागदावर येणार? अमर्त्य सेन यांनी हाच पेच दाखवलाय: आपण आजारी आहोत असं सांगणारे केरळात जास्त, बिहारमध्ये कमी, आणि आयुर्मान मात्र केरळचंच जास्त. आणि बागेत दिसतो तो टिकलेला माणूस. ज्याची कंबर गेली तो ओट्यावर बसून असतो, त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘मेहनत हाच व्यायाम’ हे त्यातलं दुसरं वाक्य. जिममधला माणूस दमला की थांबतो. केळीची कटाई सुरू झाली की गाडी भरेपर्यंत खांद्यावरचे घड थांबत नाहीत. पुढे बोलायची गरज नाही.

‘रोग गरीब-श्रीमंत बघत नाही’ हे मात्र खरं वाटतं, म्हणून जास्त फसवं. नंदुरबारमधल्या भिल्ल-पावरा वस्त्यांतला सिकलसेल घ्या. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटावीत तशा कळा येतात. कुणाला किती त्रास व्हायचा, हे काही प्रमाणात रक्तातच ठरलेलं असतं, कबूल. पण पाणी कमी पडलं, थंडी बाधली, अतिश्रम झाले की कळा उसळतात. हायड्रॉक्सियुरियाने हे झटके कमी होतात, पण गोळी नेमाने घ्यायची आणि रक्त वरचेवर तपासायचं. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या, पालात झोपणाऱ्या पोराने हे कसं जमवायचं? तोच आजार पंख्याखाली बसून नोकरी करणाऱ्याला वेगळा भोगावा लागतो.

राहिलं ‘टेन्शन साहेबालाच’. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही बरीच तफावत उरली.

काकांनी गेल्या वर्षी गुडघा बदलून घेतला, दोन महिने खाटेवर होते. त्यांच्या शेतात येणाऱ्या बाईचाही गुडघा तसाच सुजतो. तिला खाली बसता येत नाही, म्हणून ती उभ्यानेच भाकरी खाते. एक्स-रे अजून काढलेला नाही.