पेट्रोलचं पंचांग

पेट्रोल महागलं की पहिला राग पंपावरच्या मुलावर काढावा. दुसरं कुणी हाताशी नसतं. टोपी घालून नळी धरलेला तो मुलगा ओडिशाहून नाहीतर कर्नाटकातून आलेला असतो आणि त्याचा महिन्याचा पगार तुमच्या गाडीच्या एका सर्व्हिसिंगला पुरणार नाही. पण तुम्ही आवाज चढवून विचारावं, "काय रे, परत वाढवलंस?" तो म्हणेल, "झिरो पळय." त्याला तेवढीच कोंकणी शिकवलेली असते. तुम्ही झिरो बघावा, मागच्या लोकांकडे वळून मान हलवावी, आणि जाताना "सगळे चोर" असं म्हणावं. कोण ते सांगू नये. मागचेही मान हलवतात. पणजीत एरवी अनोळखी माणसांचं इतकं एकमत फक्त पार्किंगवर होतं.

पुढची पायरी पंपमालकाची. त्याचं घर दोन मजली आहे, म्हणजे भाव त्यानेच वाढवला असणार. त्याला लिटरमागे चारेक रुपये कमिशन मिळतं, त्यातून मुलांचे पगार, वीज आणि उन्हाने उडून जाणारं पेट्रोल भागवायचं असतं, हे त्याला विचारू नये. विचारलंत तर तो कागद काढून समजावतो आणि तुमचा राग अर्ध्यावर येतो. राग टिकवायचा असेल तर माहितीपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

तरीही माहिती हवीच असेल तर समोरच्याला गप्प करण्यापुरती घ्यावी. उदाहरणार्थ, एका बॅरलमध्ये १५९ लिटर मावतात. चहाच्या टपरीवर हा आकडा टाकला की अर्धे लोक गप्प होतात. उरलेल्यांसाठी होर्मुझची सामुद्रधुनी राखून ठेवावी. जगाचं पाचव्या हिश्श्याच्या आसपास तेल त्या चिंचोळ्या पाण्यातून जातं, आणि आपण शंभरातलं पंचाऐंशीहून जास्त तेल बाहेरून आणतो. तिथे कुणी शिंकलं की म्हापशाच्या पंपाला सर्दी होते. इथे गोंयकाराची एक वेगळीच पंचाईत आहे. प्रत्येक वाड्यावर कुणी ना कुणी कुवेत-दुबईला असतोच. तेल चढलं तर त्याची नोकरी पक्की, पडलं तर तो सुटीवर येतो तो परत जातच नाही. म्हणजे एकाच घरातला थोरला तिकडे तेल चढावं म्हणून नवस बोलणार आणि धाकटा इकडे उतरावं म्हणून. शांतादुर्गेने ऐकायचं तरी कुणाचं?

आता एक धोक्याची सूचना: कॅल्क्युलेटर हाती घेऊ नका. मी एकदा घेतला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. २०२५ च्या एप्रिलात बॅरल ६५ डॉलरच्या आसपास होतं आणि डॉलर ८५ रुपयांच्या. गुणा, मग १५९ ने भागा. लिटरला पस्तीस रुपयेसुद्धा होत नाहीत. त्यात जहाजाचं भाडं आलं, रिफायनरीचा खर्च आला, टँकरचं भाडं आलं, सगळं मान्य. शिवाय पेट्रोल आपल्याच रिफायनरीत तयार झालं तरी त्याचा हिशेब बहुतांशी बाहेरून तयार पेट्रोल आणलं असतं तर काय पडलं असतं, यावर होतो. परसातल्या आंब्याला क्रॉफर्ड मार्केटचा भाव लावावा तसं. एवढं करूनही पंपावरच्या आकड्यापर्यंत मधली बरीच जागा रिकामी राहते. त्या जागेत दोन सरकारं राहतात.

केंद्राचा अबकारी कर लिटरवर ठरलेला, तो रुपयांत असतो. राज्याचा व्हॅट टक्क्यांत, आणि तो त्या अबकारीवरसुद्धा लागतो. म्हणजे आपण करावर कर भरतो. टक्क्यांची गंमत अशी की तेल महागलं की राज्याने बोटही न हलवता तिजोरी फुगते आणि वर मंत्री तुमच्याबरोबर हळहळू शकतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा पेट्रोल-डिझेलला बाहेर बसवलं, ते अजून बाहेरच आहे. केंद्र म्हणतं राज्यं तयार नाहीत, राज्यं म्हणतात केंद्राने आमचं नुकसान भरून द्यावं. तुम्ही मध्ये पडू नये. तुम्ही लिटरमागे रस्त्यांचा उपकर भरता, तेवढं देशकार्य पुष्कळ झालं. तो उपकर ज्या रस्त्यासाठी भरता त्याच्या खड्ड्यांतून पहिल्या गिअरमध्ये जाताना जास्तीचं पेट्रोल जळतं, त्यावर पुन्हा उपकर मिळतो. असं चक्र आपल्या शास्त्रकारांनासुद्धा सुचलं नव्हतं.

रागाला थोडा गोडवा हवा असेल तर २०१२ ची आठवण काढावी. त्या मार्चात मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे एप्रिलपासून पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आला. पेट्रोल अकराएक रुपयांनी उतरून पंचावन्नच्या घरात आलं, देशात सगळ्यात स्वस्त. आमच्या वाड्यावर त्या आठवड्यात लोक कारण नसताना गाडी काढून मिरामारला जाऊन येत. पुढे तो ०.१ हळूहळू वर सरकत गेला. मूल उंच होताना घरच्यांना कळत नाही, पाहुण्याला कळतं, तसंच हे.

आमचे पाहुणे म्हणजे सावंतवाडीचा माझा मेहुणा. महाराष्ट्रापेक्षा गोव्यात पेट्रोल सात-आठ रुपयांनी कमी असतं, त्यामुळे सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडच्या पंपांवर एमएच-०७ च्या गाड्या रांगेने उभ्या दिसतात. हाही त्यातला. स्कूटरची टाकी पाच लिटरची. पाच आठे चाळीस रुपये वाचवायला तो जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर स्कूटर हाणतो. त्यात पाऊण लिटर, म्हणजे सत्तरएक रुपयांचं पेट्रोल जळतं. मी एकदा हिशेब मांडून दाखवला तर म्हणाला, "भावजी, आठ रुपये म्हणजे आठ रुपये." डिकीत पेट्रोलशिवाय आणखी काय भरून नेतो ते मी विचारत नाही. बहीण त्याची, संसार माझा.

पण याच मेहुण्याने मला पेट्रोलचं खरं शास्त्र शिकवलं. तो बॅरल बघत नाही, डॉलर बघत नाही, होर्मुझ कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. तो निवडणूक आयोग बघतो. माझ्या मते या विषयावर याहून जास्त कुणाला काही कळलेलं नाही.

कागदोपत्री पेट्रोलचा भाव २०१० च्या जूनपासून बाजारावर सोडलेला आहे, डिझेलचा २०१४ च्या ऑक्टोबरपासून, आणि २०१७ च्या जूनपासून तो रोज सकाळी सहाला बदलतो. बाजार रोज उठतो, मान्य. पण मतदान जवळ आलं की हा बाजार मौनात जातो. २०२१ च्या ४ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरचे पाच रुपये कमी केले. गोव्याने लगेच आपले सात जोडले, आणि पेट्रोल बारा रुपयांनी उतरलं. डिझेल सतरा. तीन महिन्यांवर विधानसभा होती, पण तो योगायोग. मग १४ फेब्रुवारीला आपण बोटाला शाई लावून घेतली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, बॅरल १३० डॉलरच्या वर गेलं, सगळं जग हवालदिल, आणि आपला पंप मात्र ढिम्म. १० मार्चला निकाल लागले. २२ मार्चला, १३७ दिवसांच्या मौनानंतर, बाजाराला वाचा फुटली. रोज ऐंशी पैसे, रोज ऐंशी पैसे, आणि पंधरा-सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये. ऐंशी पैसेच का, रुपया का नाही? लाज नावाची गोष्ट अजून शिल्लक आहे म्हणून.

म्हणून माझा सल्ला: युद्ध लागलं तर घाबरू नका, निकाल लागला तर घाबरा. २०२४ चं बघा. १५ मार्चला देशभर पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं आणि १६ मार्चला लोकसभेची तारीख जाहीर झाली. गोव्यात ७ मे रोजी मतदान झालं, ४ जूनला निकाल, आणि २२ जूनपासून राज्याने व्हॅट वाढवून पेट्रोलवर रुपया आणि डिझेलवर छत्तीस पैसे चढवले. बाराव्याचं जेवण होऊन आठवडाच झाला होता म्हणायचा.

उलट बाजूही पंचांगात आहे. निवडणूक नसेल आणि तेल पडलं तर काय होतं? २०२० च्या एप्रिलात अमेरिकेत एक दिवस तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसे घ्या. आपण सगळे कोंडून घरात होतो, गाडी अंगणात. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा अबकारी दहा रुपयांनी आणि डिझेलवरचा तेरा रुपयांनी वाढवला. तेवढी उतरणच तिजोरीत गेली, त्यामुळे पंपावर काही कळलं नाही. मग जूनमध्ये सलग एकवीस दिवस भाव चढला, तो मात्र कळला. २०२५ च्या एप्रिलात तेल पडलं तेव्हा अबकारी पुन्हा दोन रुपयांनी वर, पंपावर एक पैसा इकडचा तिकडे नाही. तेल चढतं तेव्हा ते जागतिक असतं आणि उतरतं तेव्हा सरकारी. मधल्या काळात, २०२३-२४ साली, तीन सरकारी तेल कंपन्यांचा नफा मिळून ऐंशी हजार कोटींच्या वर गेला. आदल्या वर्षीची खोट भरून काढत होते म्हणे. आमची खोट कुणी भरून काढायची, हा प्रश्न पंपावरच्या त्या मुलाला विचारावा.

महागाईचं म्हणाल तर गोव्यात ती चोर्ला घाटातून येते. भाजी बेळगावची, ट्रक डिझेलवर. टोमॅटोवाली डिझेल म्हणाली तर पटतं. पण परवा आमचा पोदेरही, म्हणजे पाववाला, पाव लहान होण्याचं कारण पेट्रोल म्हणाला. सायकलवर बसून. मी सायकलीकडे बघितलं, त्याने भोंपू वाजवला आणि गेला.

काटकसर करायचीच असेल तर करा, पण दिसेल अशी करा. कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाच्या पिशवीसाठी बुलेट काढू नये असं कुणी म्हणेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दोनशे पावलं चालत गेलात तर लोक विचारतात गाडी विकली काय. पणजीत १८ जून रस्त्याला पार्किंगसाठी सहा प्रदक्षिणा घालाव्यात आणि त्यात जळलेलं पेट्रोल बायकोच्या खरेदीत धरावं. पायलटकडे, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याकडे, भाड्याची घासाघीस करताना मात्र "पेट्रोल उतरलं की नाही?" असं जरूर म्हणावं.

आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलवर तर गोंयकाराने मुळीच तक्रार करू नये. वीस टक्के अल्कोहोल म्हणजे काजूच्या हुर्राक दारूच्या आसपासची जात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी ताकद असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं, भाव पडत नाही. चालवणाऱ्याने प्यायली तर पोलीस मशीन तोंडाला लावतात, गाडीने प्यायली तर ते राष्ट्रकार्य. इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी असा सल्ला देणारे भेटतील. जरूर घ्या. फक्त मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे वीज कशी आणि किती वेळ जाते, हे आधी शेजाऱ्यांना विचारा.

तर २०२४ चा ५ जून. लोकसभेच्या निकालाचा दुसरा दिवस. सकाळी आठला मेहुणा दारात, रेनकोट ठिबकत होता. चहा ठेवेपर्यंत थांबेना. "भावजी, निकाल लागलो ना? आता चढतला. टाकी फुल्ल करूक इलंय." दोघं पंपावर गेलो. मुलगा म्हणाला, "झिरो पळय." मेहुण्याने झिरो बघितला, टाकीच्या तोंडापर्यंत भरून घेतलं, वर स्कूटर हलवून आणखी दहा रुपयांचं जिरवलं. सतरा दिवसांनी पेट्रोल एका रुपयाने वाढलं. त्याने फोन केला. पाच लिटरवर पाच रुपये वाचले होते.

तेव्हापासून तो दर महिन्याला फोन करून विचारतो, "भावजी, तुमच्याकडे जवळपास निवडणूक-बिवडणूक काय?" मी सांगतो, अजून लांब आहे. "पोटनिवडणूक?" तीही नाही. "झेडपी? पंचायत?" मी म्हणतो, अरे पंचायतीला पेट्रोल हलत नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणतो, "कोणाक तरी राजीनामा देऊक सांगा."