३० हजार पायलट हवेत, पण कोणते?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हापासून एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. बारावी सायन्सच्या मुलांच्या पालकांमध्ये तो जास्त फिरतो. मलाही तो नातेवाइकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: देशाला ३० हजार पायलट हवेत, पायलट नाहीत म्हणून विमानं उभी आहेत. बारावीनंतर दीड वर्षात लायसन्स मिळतं. मोठ्या कंपनीत नाही लागलं तरी छोट्या प्रादेशिक एअरलाइन हातोहात घेतात. तिथे महिन्याला ७० तास काम, बाकी आराम. दोन वर्षांत कॅप्टन, मग मोठ्या कंपनीत उडी, आणि कर्ज कधी फिटलं ते कळतही नाही.

मी अशाच एका प्रादेशिक एअरलाइनमध्ये एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान उडवते. हे काम मला मनापासून आवडतं. पण हा संदेश वाचून कोणी शेत किंवा राहतं घर गहाण टाकत असेल, तर त्याआधी त्यातला एकेक मुद्दा तपासून बघितलाच पाहिजे.

"देशाला ३० हजार पायलट हवेत"

आकडा खरा आहे. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनीच तो सांगितला होता, पण पुढच्या १५ ते २० वर्षांसाठी. संदेशात नेमकी ही वर्षं गाळली आहेत. भागाकार केला तर वर्षाला दीड ते दोन हजार पायलट होतात. डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) २०२३ मध्ये १,६२२ आणि २०२४ मध्ये १,३४२ कमर्शियल लायसन्स दिली. म्हणजे गरज आणि पुरवठा यांत संदेशात भासवली आहे तेवढी दरी नाही. शिवाय लायसन्स हातात घेऊन आधीपासून रांगेत उभी असलेली मुलं आहेतच.

मग डिसेंबरमध्ये विमानं का थांबली? जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीची वेळ पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंगची परवानगी उरली. हे नियम पुढे ढकलत ढकलत अखेर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्या हिशेबाने पायलटांची तयारी झाली नव्हती, म्हणून वेळापत्रक कोसळलं. पुढे इंडिगोला काही तरतुदींतून तात्पुरती सूटही मिळाली.

आता यात २०० तास उड्डाण झालेल्या नव्या मुलाला जागा कुठे निर्माण झाली ते सांगा. विमानाच्या डाव्या सीटवर कॅप्टन लागतो. तो नसेल तर उजव्या सीटसाठी दहा कॉपायलट हजर असले तरी विमान हलत नाही. आपल्याकडे तुटवडा आहे तो अनुभवी कॅप्टनचा. ३० हजारांच्या आकड्यामागे हा फरक पूर्ण झाकला गेला आहे, आणि पुढच्या प्रत्येक मुद्द्यात तोच आडवा येतो.

"छोट्या एअरलाइन हातोहात घेतात"

छोटी एअरलाइन म्हणजे किती छोटी, हे बाहेर फारसं माहीत नसतं. एका एटीआरला रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) नीट चालवायला कॅप्टन-कॉपायलटच्या साधारण पाच-सहा जोड्या लागतात. पाच विमानांची कंपनी धरली तरी पायलट ५०-६०, त्यातले निम्मे कॅप्टन. म्हणजे कॉपायलटच्या जागा जेमतेम ३०, आणि त्या भरलेल्या असतात. कोणी कॅप्टन झालं, कोणी सोडून गेलं किंवा नवीन विमान आलं, तरच एखादी मोकळी होते. ती जागाही नुसत्या लायसन्सवर मिळत नाही. एटीआरचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवण्याची वेगळी पात्रता) आधी स्वतःच्या पैशाने करा, नाहीतर कंपनीने केलं म्हणून बाँड (ठरल्या काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार) लिहून द्या.

त्यात या कंपन्यांचं आयुष्य. एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, एअर कोस्टा २०१७ मध्ये. छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या सरकारी 'उडान' योजनेत जळगाव आणि नाशिकला विमान आणणारी नवी एअर डेक्कन २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीलाच बंद पडली. नांदेड, कोल्हापूर, जळगावकरांना सवयीची झालेली ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. हे लोक काही फसवायला आले नव्हते. कमी प्रवासी, महाग इंधन, भाड्याची विमानं आणि ठरावीक मुदतीपुरतं सरकारी अनुदान यांचं गणित अवघडच आहे. कॅगच्या २०२३ च्या अहवालात 'उडान'चा हिशेब आहे: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ उरले होते. जिथे मार्गच एवढे अल्पायुषी, तिथली नोकरी पक्की कशी म्हणायची?

माझी आधीची कंपनी बंद पडली तेव्हा थकलेला पगार राहिला बाजूलाच, खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. पायलटला ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा. कंपनी गेली की हे दोन्ही थांबतं. घरी बसलेल्या प्रत्येक महिन्यागणिक तुमच्या लायसन्सची किंमत कमी होत जाते आणि ते परत चालू करण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर येतो. दुसऱ्या कुठल्या नोकरीत बेरोजगारीची अशी दुहेरी शिक्षा असेल असं मला वाटत नाही.

तरीही चांगलं काही दिसतं तेही सांगायला हवं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून टिकून आहे. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर तिने जोडलं. अमरावतीचा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये अलायन्स एअरच्या एटीआरने सुरू झाला. जागा निघतात, पण त्या मोजून निघतात.

"महिन्याला ७० तास काम, बाकी आराम"

या वाक्याचा मला खरा राग येतो. ७० तास ही उड्डाणाची वेळ आहे, कामाची नव्हे. आमचा एक सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं उड्डाण, साधारण तासाभराचा असतो. दिवसाला चार सेक्टर धरा: उड्डाण चार तास, पण त्याआधी तासभर रिपोर्टिंग, मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन टर्नअराउंड (उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतची तयारी), शेवटी कागदपत्रं. सात तास तिथेच झाले, तेही उशीर झाला नाही तर. सहा सेक्टर असले की दहा तास. मुंबई-दिल्ली करणारा पायलट ७० तासांत साधारण ३५ वेळा विमान उतरवतो, आम्ही त्याच ७० तासांत ७० वेळा. आणि दमवणारं काम टेकऑफ आणि लँडिंगचंच असतं, वर गेल्यावरचं नव्हे.

मे महिन्यातलं जळगावचं एक टर्नअराउंड सांगते. मोठ्या विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं, ते जमिनीवर वीज आणि एसी देतं. एटीआरला ते नसतं. आम्ही उजवं इंजिन चालू ठेवतो आणि त्याचा पंखा ब्रेकने रोखून धरतो, याला 'हॉटेल मोड' म्हणतात. मागून जोराचा वारा असेल तर तेही करता येत नाही. मग डांबरावर उभं विमान, काचांमधून सरळ येणारं ऊन आणि घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. कॉपायलट खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो, टायर बघतो, कुठे गळती आहे का बघतो. मी वर बसून इंधन, प्रवासी आणि सामानाचा हिशेब जुळवते, कारण ऊन वाढलं की त्या धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल तेही बदलतं. कधी त्यासाठी सामान उतरवावं लागतं, आणि ज्याची बॅग राहिली त्या प्रवाशाची नाराजी रास्तच असते. हे सगळं अर्ध्या तासात. अशी त्या दिवसाची आणखी तीन टर्नअराउंड उरलेली असतात.

पावसाळ्यात कोकणात वेगळी तऱ्हा. बऱ्याच छोट्या विमानतळांवर आयएलएस (ढगांतूनही धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) नाही. ढग खाली आले की धावपट्टी दिसेपर्यंत काही खरं नसतं. दिसली नाही तर परत वर, थोडं थांबा, नाहीतर दुसऱ्या विमानतळाकडे वळा. यातून पायलट घडतो, हे मात्र मी छातीठोकपणे सांगेन. एटीआरवर तयार झालेल्या मुलांचे हात चांगले असतात. पण याला आराम म्हणू नका.

घर एका गावी आणि बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण) दुसऱ्या, हेही यातच आलं. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले. तीही प्रादेशिक एअरलाइनच होती. तिची कॉपायलट ड्युटीवर येण्यासाठी सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला पोचली होती. थकव्यामुळे दोन्ही पायलटांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता चौकशीत मांडली गेली. सुट्टीचे निम्मे तास प्रवासात घालवून पहाटेच्या ड्युटीला उभी राहणारी मुलं आपल्याकडेही आहेत, आणि रोस्टरमध्ये तो प्रवास कुठेच दिसत नाही.

"दोन वर्षांत कॅप्टन, मग मोठ्या कंपनीत उडी"

कागदावर जमतं. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला १,५०० तास लागतात. २०० तासांवरून सुरुवात करून महिन्याला ७० तास मिळाले तर दीड-पावणेदोन वर्षं. पण तास मिळणं विमानावर अवलंबून. सुट्या भागांसाठी दोन विमानं उभी राहिली की कॉपायलटचे तास निम्म्यावर येतात, आणि पगाराचा मोठा भाग तासांवर असेल तर पगारही घसरतो. पुढे परीक्षा, कंपनीच्या अटी, ट्रेनिंग कॅप्टनची वेळ, आणि मुख्य म्हणजे डावी सीट रिकामी व्हायला हवी.

उडीचं म्हणाल तर एटीआरच्या रेटिंगवर एअरबस उडवता येत नाही. ए-३२० साठी पुन्हा टाइप रेटिंग आलं. २०१७ च्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे नोटीस कॉपायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. पायलट संघटनांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आहे. नोटीस न पाळता ४३ पायलट गेले म्हणून अकासा एअर २०२३ मध्ये कोर्टात गेली. कंपनीची बाजूही मला समजते: छोट्या एअरलाइनने पायलट घडवायचा आणि तयार झाला की मोठीने न्यायचा, असं वर्षानुवर्षं चालू आहे. पण त्याची किंमत बाँडच्या रूपाने २३-२४ वर्षांच्या मुलांकडून वसूल होते, हे मला अन्यायाचं वाटतं.

"दीड वर्षात लायसन्स, कर्ज आपोआप फिटतं"

दीड वर्ष लागतं ते हवामान, विमान आणि प्रशिक्षक तिन्ही जुळले तर. गोंदिया असो, बारामती असो, धुळे असो, कुठेही गेलात तरी आधी तिथल्या मागच्या बॅचला भेटा आणि २०० तास पूर्ण व्हायला त्यांना किती काळ लागला ते विचारा. २०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलची क्रमवारी पहिल्यांदा जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या दर्जात एकही संस्था बसली नव्हती.

६० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८२ हजारांच्या वर जातो, आणि नोकरी लागो न लागो तो येतच राहतो. म्हणून फी भरण्याआधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल करून घ्या. डोळे, कान, हृदय यांतलं काही निघालं तर ते लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि एअरलाइनने ऑफर दिली तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: बाँडची रक्कम दरवर्षी कमी होते का, कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय, आणि विमानं उभी राहिली तर दरमहा किमान किती तासांचा पगार मिळणार.