आधी आरडाओरडा, मग गोल

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा शेवट पाहणे तसे सोपे असते. उपांत्य सामने दोन, अंतिम सामना एक, आणि ज्यांना रडायचे ते तोवर रडून मोकळे झालेले असतात. माणसाचा कस लागतो तो पहिल्या आठवड्यात. २०२२ साली कतारमध्ये ३२ संघ आठ गटांत विभागून उतरले आणि तिसऱ्या दिवसापासून भारतीय वेळेप्रमाणे दुपारी साडेतीन, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि मध्यरात्री साडेबारा अशी, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी तशी, दर तीन तासांची मात्रा सुरू झाली. सुरुवातीला कोणता संघ काय गुण उधळणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे एकही सामना सोडायची सोय नसते. शेवटच्या आठवड्यात ट्युनिशियाबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही. पहिल्या आठवड्यात विचारतात, आणि कोल्हापुरात तर रात्री गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला गेलेल्या माणसाला हातातला पेला संपायच्या आत विचारतात.

कोल्हापूरचे हे प्रकरण परगावच्या माणसाला नीट सांगावे लागते. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटवर जगत असताना या गावाने तालमींच्या आश्रयाने फुटबॉल वाढवला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे ऐकून पाहुण्याला वाटते की आपल्याला कुस्त्या दाखवायला नेत आहेत, आणि तो शाहू स्टेडियमवर पोहोचतो तेव्हा समोर अकरा-अकरा गडी चेंडूमागे धावत असतात आणि पेठाच्या पेठा घसा फोडत असतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या आठवणीवर आम्ही अजून छाती फुगवतो. मोठ्यांच्या विश्वचषकात भारत नसतो, याचे दुःख मात्र येथे कोणी फार काळ करत बसत नाही. घरात जन्मलेल्या मुलाला आडनाव मिळते तसाच एक देशही मिळतो, आणि तो अर्जेंटिना तरी असतो किंवा ब्राझील तरी. तिसरा देश निवडण्यास बंदी नाही. पण निवडणाऱ्याच्या घरी सोयरीक जुळवताना लोक दोनदा विचार करत असावेत.

आमची गल्ली अर्जेंटिनाची आहे. विजेच्या खांबापासून समोरच्या गच्चीपर्यंत आकाशी-पांढऱ्या पताका लागल्या होत्या आणि कोपऱ्यावर मेस्सीचा भव्य फलक उभा होता, ज्याच्या तळाशी शुभेच्छुक म्हणून छापलेले गल्लीतील कार्यकर्ते मेस्सीहून फार लहान दिसणार नाहीत याची काळजी छापणाऱ्याने घेतली होती. पलीकडची गल्ली ब्राझीलची, म्हणजे पिवळीधमक. एरवी ही स्पर्धा जून-जुलैत असते आणि कोल्हापूरचा पाऊस दोन्ही देशांचे झेंडे निःपक्षपातीपणे भिजवून त्यांची पोतेरी करून टाकतो. पण कतारचा उन्हाळा खेळाडूंना सोसवणार नाही म्हणून या वेळी ती नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवली होती, त्यामुळे पताकाही कडकडीत राहिल्या आणि वादही.

आता माझी अडचण. आमच्या घरी दूरचित्रवाणी संच आहे, परंतु त्यावर खेळांची वाहिनी नव्हती. केबलवाल्याला फोन केला तेव्हा तो "साहेब, आज रात्री चालू करतो" म्हणाला, आणि त्या रात्रीपासून त्याने माझा फोन उचलणे बंद केले. वाहिनी आली असती तरी संच आईच्या मालिकांच्या ताब्यात असल्याने वाटाघाटी लांबल्याच असत्या. राहिला मोबाइल. त्यावर सामने फुकट दिसत होते, आणि फुकट गोष्टीला जी एक खोड असते ती या प्रक्षेपणालाही होती. ते प्रत्यक्ष खेळाच्या अर्धे-पाऊण मिनिट मागे चाले. ब्राझीलच्या गल्लीने मात्र मंडळाच्या मांडवात मोठा पडदा लावून थेट डिशची जोडणी घेतली होती. म्हणजे खेळ आधी त्यांच्या डोळ्यांना दिसायचा, मग त्यांच्या घशातून माझ्या कानांवर यायचा, आणि सर्वांत शेवटी माझ्या मोबाइलवर पोहोचायचा.

रविवारी, २० नोव्हेंबरला, अल बैत स्टेडियमवर कतार आणि इक्वेडोर यांचा सलामीचा सामना झाला, तेव्हाच याची पहिली चुणूक मिळाली. जेमतेम तिसरे मिनिट चालू होते. पलीकडून "गोऽऽल" अशी आरोळी उठली. माझ्या पडद्यावर तेव्हा एक पांढरे वर्तुळ स्वतःभोवती फिरत होते. ते थांबून एनर व्हॅलेन्सियाने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडलेला मला दिसला आणि मी उठून उभा राहिलो, तोवर पलीकडची आरोळी मावळून तिचे "हॅऽऽ" झालेले होते, कारण पंचांनी ऑफसाइडचा, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच एक गडी बचावफळीच्या पुढे निघून गेला होता असा, निर्णय देऊन गोल रद्द केला होता. मला तो रद्द होताना अजून दिसायचा होता. त्यामुळे रद्द झालेला गोल होताना पाहून आनंद मानावा की नाही, या पेचात मी उभाच राहिलो. पुढे त्याच व्हॅलेन्सियाने दोन गोल करून सामना जिंकून दिला आणि विश्वचषकाच्या इतिहासात प्रथमच यजमान संघ आपला पहिला सामना हरला. आईने मालिकेच्या जाहिरातींत डोकावून विचारले, "घर कुणाचं म्हणायचं हे?" कतारचे, असे मी सांगितले. "मग पाव्हणे येऊन घरच्यांनाच बडवून गेले होय? काय रीतभात?"

सोमवारी इंग्लंडने इराणचा ६–२ असा धुव्वा उडवला, पण माझ्या लक्षात राहिला तो त्या सामन्यातील वाढीव वेळ. इराणच्या गोलरक्षकाला दुखापत झाली आणि पहिल्याच अर्धात १४ मिनिटे जादा मिळाली. दुसऱ्या अर्धातही पंचांनी हात आखडता घेतला नाही. साडेआठच्या आत आटपेल असे जे आश्वासन मी स्वयंपाकघरात दिले होते त्याची वाट लागली, भाकरी निवली, आणि "तुमचा तो पंच घड्याळ घरी विसरून आलाय का?" या पत्नीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वाया गेलेल्या वेळाची पुरेपूर भरपाई करण्याचे धोरणच या स्पर्धेत ठरले आहे, हे तिला सांगण्याची ती वेळ नव्हती.

मंगळवारी अर्जेंटिनाचा सामना होता, दुपारी साडेतीनला, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळात. मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असे लिहिले. त्याच दिवशी, त्याच कारणासाठी, आमच्या कचेरीतील आणखी किती घरांत काम निघाले होते हे पाहून साहेबांनी नुसताच चष्मा पुसला. अर्जेंटिना सलग ३६ सामने अपराजित होती, समोर सौदी अरेबिया होता. काळजीचे कारण दुरूनही दिसत नव्हते. शाळेतून पोटदुखी घेऊन परतलेले चिरंजीव माझ्या मांडीला मांडी लावून बसले. मोबाइल आम्ही पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

ब्राझीलची गल्ली अर्जेंटिनाचा सामना पाहते तो अर्जेंटिना हरावी म्हणून. त्यामुळे रविवारची साधी विद्या येथे उपयोगाची नव्हती; आज पलीकडचा जल्लोष म्हणजे आमचे सुतक आणि पलीकडची शांतता म्हणजे आमची दिवाळी, असा उलटा कोश वापरावा लागणार होता. दहाव्या मिनिटाला अर्जेंटिनाला पेनल्टी मिळाली आणि मेस्सी चेंडू ठेवू लागला, तेव्हा पलीकडे चिडीचूप झाले. "पप्पा, गोल झाला," चिरंजीव मेस्सीने पाऊल उचलण्यापूर्वीच म्हणाले. झाला. मग बाविसाव्या मिनिटाला मेस्सी एकटाच गोलरक्षकाच्या रोखाने निघाला, अप्रतिम निघाला, आणि नेमकी त्याच क्षणी पलीकडून आनंदाची किंकाळी आली. त्याने चेंडू जाळ्यात घातलेला मी पाहिला, आपल्या गल्लीतील पोरे नाचत रस्त्यावर आलेली खिडकीतून पाहिली, आणि या सगळ्यांमध्ये तो गोल मोजला जाणार नाही हे ठाऊक असलेला मी एकटा तोंड शिवून बसलो होतो. थोड्याच वेळात ऑफसाइडचा ध्वज वर झाला.

लौतारो मार्टिनेझच्या पहिल्या गोलाला तर अधिक छळ झाला. तो आधी दिला गेला आणि मग परत घेतला गेला. या स्पर्धेत छताखाली बारा खास कॅमेरे बसवले होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या पोटातही एक संवेदक घातला होता. एवढ्या सरंजामाने हे निष्पन्न झाले की मार्टिनेझचा दंड खांद्यापाशी जरासा पुढे होता. आमच्याकडे शेताच्या बांधाची मोजणीसुद्धा इतक्या बारकाईने होत नाही. पलीकडे आधी सन्नाटा, मग कुजबुज, मग उकळी फुटावी तसा जल्लोष, अशी तीन प्रकरणे मी ऐकली आणि नंतर तीच तीन पाहिली. काही मिनिटांत मार्टिनेझचा आणखी एक गोल याच वाटेने गेला. पूर्वार्ध संपला तेव्हा अर्जेंटिनाने चेंडू चार वेळा जाळ्यात घातला होता आणि फलकावर गोल एकच होता.

"अहो, तुम्हाला सगळं आधीच कळतंय," पत्नी म्हणाली, "तर मग मंडईतून मेथी तरी घेऊन या. त्या पोरांचा आवाज तिथपर्यंत येईल की." सूचनेत तथ्य होते, म्हणूनच ती लागली.

उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच पलीकडे जे काही झाले त्याला आवाज म्हणणे अपुरे आहे. शिटी, ताशा, आणि दिवाळीत उरवून ठेवलेली एक फटाक्यांची माळ. पडद्यावर अजून खेळ मध्यावरच संथ चालला होता. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, मी तांब्याकडे पाहिले. सालेह अल-शेहरीचा गोल मग सावकाश आला, सरकारी टपालाच्या वेगाने. पाच मिनिटांनी दुसरी माळ वाजली आणि सालेम अल-दौसारीने चेंडू वळवून वरच्या कोपऱ्यात मारला. तो गोल सुंदर होता, हे मी आज कबूल करतो. त्या दुपारी करणे शक्य नव्हते. १–२. पुढचा सर्व वेळ आम्ही पलीकडच्या गल्लीत शांतता पसरण्याची वाट पाहत घालवला. ती सामना संपेपर्यंत पसरली नाही. सौदीच्या राजाने दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर केली. माझी अर्धी रजा मात्र गेली ती गेलीच.

यापुढचा भाग फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माणसाला शोभत नाही. गटात मेक्सिको आणि पोलंड उरले होते आणि त्यांचा सामना त्याच रात्री साडेनऊला होता. गल्लीतील जाणत्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून निर्णय दिला की या दोघांपैकी कोणीही जिंकता कामा नये. ज्या माणसांनी गोल पाहण्यासाठी डोळे जाळले ती माणसे त्या रात्री, गोल होऊ नये म्हणून देवापुढे उदबत्ती लावून बसली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला लेवांडोवस्कीला पेनल्टी मिळाली तेव्हा गल्लीने श्वास रोखला, आणि मेक्सिकोच्या ओचोआने ती अडवली तेव्हा ज्या मिठ्या मारल्या गेल्या त्या मेस्सीच्या गोलालाही मारल्या गेल्या नव्हत्या. सामना ०–० असा सुटला. त्या दिवशीचा दुसरा ०–० म्हणजे डेन्मार्क-ट्युनिशिया. त्याबद्दलही दूध पिताना मत द्यावे लागले, आणि मी "बचाव चांगला होता" असे म्हणालो. हे वाक्य कोणत्याही शून्य-शून्य सामन्याला चालते.

बुधवारी सकाळी कचेरीत माझ्या टेबलावर खजुराचे एक पाकीट होते. आमचे हिशेबनीस जर्मनीवाले आहेत. माणूस मुळात शिस्तीचा, टोमणाही पावतीसह देणारा. "सौदीहून आलंय, घ्या," एवढेच ते म्हणाले. संध्याकाळी जर्मनी जपानशी खेळली. पूर्वार्धात पेनल्टीवर एक गोल, उत्तरार्धात अंगावर दोन, निकाल १–२. ज्या नकाशावरून अर्जेंटिनाचे घर कोसळले होते त्याच नकाशावरून जर्मनीचे कोसळले. त्याच रात्री स्पेनने कोस्टा रिकाला ७–० असे धुतले, पण कोल्हापुरात स्पेनवाले शोधूनही सापडत नसल्याने त्या सात गोलांना वालीच नव्हता. गुरुवारी हिशेबनीसांना भेट देण्यासाठी बाजारात काही जपानी मिळते का, हे मी शोधले, मिळाले नाही. शेवटी त्यांच्याच टेबलावरचा कॅल्क्युलेटर उचलून मी तो उलटा केला आणि मागे कोरलेले देशाचे नाव त्यांना दाखवले. त्या दिवशी त्यांनी सर्व बेरजा हाताने केल्या.

गुरुवारी मध्यरात्री साडेबाराला ब्राझील आणि सर्बिया. मी झोपलो होतो, निदान तसा देखावा केला होता. रात्री दोनच्या सुमारास रिशार्लिसनने पाठमोरा हवेत झेपावून दुसरा गोल केला, तो मला आधी भिंतीतून कळला आणि मग पांघरुणाखाली धरलेल्या मोबाइलवर दिसला.

सकाळी पलीकडच्या मंडळाचे ज्येष्ठ काका पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे होते. शेजारधर्म म्हणावा, तर त्यांच्या डोळ्यांत तो दिसत नव्हता. आई पुढे झाली. "कशाचे रे बाबा पेढे?"

"जिंकलो की आपण, मावशी!"

"बरं झालं बाई," आई म्हणाली, "मंगळवारपासनं ह्यानं तोंड पाडलंय." आणि मी काही बोलणार तोच तिने एक पेढा उचलून माझ्या तोंडात कोंबला. काकांचा मोबाइल तयारच होता. पिवळ्या पताकेच्या कागदात बांधलेला तो पुडा, माझे फुगलेले गाल आणि कृतार्थ आई असे ते छायाचित्र दहा वाजायच्या आत दोन्ही गल्ल्यांच्या ग्रुपवर पोहोचले होते, आणि अकरा वाजता ते हिशेबनीसांनी छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवले.