रुळांनी पेठ वसत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय: ‘एकोणिसाव्या शतकात मुंबई, खामगाव, कोल्हापूर भरभराटीला आली ती इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून. त्याआधी इथं व्यापार असा नव्हताच.’ आमच्या तालमीच्या ग्रुपवरही त्याला धडाधड अंगठे पडले. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘त्याआधी व्यापार नव्हता.’ मग अणुस्कुरा, फोंडा, आंबा हे घाट बैलांच्या तांड्यांनी कशासाठी चढायचे? मीठ, नारळ, सुपारी वर यायची, घाटावरचा माल खाली बंदरात जायचा. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरात वखार घातली, ती काही हवापालटासाठी नव्हे.

‘रेल्वे इंग्रजांनी दिली.’ मिरज-कोल्हापूर फाटा 1891 मध्ये सुरू झाला तो कोल्हापूर संस्थानच्या पैशातून. इंग्रजांच्या रेल्वे कंपनीनं गाड्या चालवल्या, एवढंच.

‘रेल्वे आली म्हणून पेठ झाली.’ खरी गोम इथं आहे. रुकडी आणि हातकणंगलेही याच रुळांवर आहेत, पण कोल्हापूरसारखी गुळाची पेठ तिथं बसली नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये स्टेशनालगत शाहूपुरी वसवली आणि व्यापाऱ्यांना तिथं आणलं. या व्यापाऱ्यांपाशी भांडवल होतं, आणि गुळाच्या धंद्यात सगळं त्यावरच अडतं. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, म्हणून गुऱ्हाळ शेतातच. पावसाळी हवेत गूळ पाझरतो, म्हणून फार दिवस घरात ठेवून भागत नाही. आणि गूळ विकून पैसा हाती येईपर्यंत लावण, खत, मजुरी यांचा खर्च भागवायचा कसा? अडत्या, म्हणजे माल विकून देणारा दलाल, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. ज्याची उचल, त्याच्या दारात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. यात शेतकऱ्याची मान अडकायची हेही खरं, पण पेठ बांधली गेली ती याच व्यवहारानं. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस, अडत्याची उचल, दरबारनं दिलेली जागा हे जमून आलं, तेव्हा रुळांचा उपयोग झाला. तो मोठा झाला, नाकारायचं कारण नाही. गाडीशिवाय लांबचं गिऱ्हाईक परवडलंच नसतं.

खामगावच्या बाबतीत तर मजकूर साफ उलटा आहे. कापसाची पेठ तिथं आधीच गाजत होती, म्हणून मुख्य रेल्वेमार्गावरच्या जलंबपासून फाटा काढला. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडायला आले. पेठेमागून गाडी आली.

राहता राहिली मुंबई. जमशेटजी जिजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांनी चीनच्या व्यापारात पैसा केला तो 1853 च्या पहिल्या गाडीच्या कितीतरी आधी, आणि त्यात अफूही होती. पुढं 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, इथल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तेव्हा बोरघाटातून गाडी सुरूही झाली नव्हती. ती झाली 1863 मध्ये. 1865 ला लढाई थांबली, भाव कोसळले, पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र तोवर घाट चढून गेले होते.