नोकरी शोधा म्हणे!

'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' या, बड्या बँका आणि आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलनावरचा एक लेख वाचला. लेखातले धनाढ्य गृहस्थ म्हणतात, २०११ साली न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात तंबू ठोकून बसलेली ही मंडळी रिकामटेकडी होती, त्यांनी नोकरी शोधायची होती. अहो, तेव्हा अमेरिकेत बेकारी ९ टक्क्यांच्या आसपास होती. नोकऱ्या काय झाडाला लागल्या होत्या? आणि २००८ मध्ये बुडत्या बँकांसाठी सरकारने ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर केली, तेव्हा 'आपलं आपण बघा' असं कोणी बँकांना सुनावल्याचं आठवत नाही.

रिकामटेकडे म्हणाल तर तेही खरं नाही. तिथे ध्वनिवर्धकाला परवानगी नव्हती. मग एकाने वाक्य बोलायचं, पुढच्यांनी ते एका सुरात मागच्यांपर्यंत पोचवायचं, अशा सभा चालत. शिवाय हजारो पुस्तकांचं वाचनालय! १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी तंबूंबरोबर तेही उचललं.

सगळेच श्रीमंत असं बोलत नाहीत, हेही खरं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेंनी जाहीर लिहिलं होतं की आपण उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला आणि ऑफिसातल्या बाकीच्या २० जणांचा दर सरासरी ३६ टक्के पडला. म्हणजे साहेबापेक्षा हाताखालच्यांना दुप्पट दर! कारण साधं आहे : पगारापेक्षा भांडवली नफ्यावर (शेअर वगैरे विकून होणाऱ्या नफ्यावर) कर कमी.

आंदोलनाकडे नेमक्या मागण्या नव्हत्या, हा लेखातला आक्षेप मात्र मला पटतो. तंबू उठले आणि मागे '९९ टक्के' (म्हणजे वरचे एक टक्का श्रीमंत सोडून बाकी सगळे) हा शब्द राहिला, कायदा एकही नाही.