आम्ही अकरावीत आहोत

‘मार्गदर्शकांचा आवाज चांगला आहे. विषयाची माहिती आहे. स्वतःची ओळख करून द्यायला सात मिनिटे घेतली. पुढच्या वेळी सराव करून यावे.’

परवा हातात पडलेल्या अभिप्रायाच्या चिठ्ठीवरचा हा मजकूर. खाली सही नाही. कार्यक्रम होता अकरावी-बारावीच्या मुलांना नोकरी देणाऱ्यासमोर तीस सेकंदांत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हे शिकवण्याचा. आणि ते शिकवायला गेलेला माणूस मी. सात मिनिटांचा आरोप मला मान्य नाही. पाच झाली असतील. त्यातलं एक माइक चालू आहे का, हे विचारण्यात गेलं.

या तीस सेकंदांना ‘एलिव्हेटर पिच’ म्हणतात. कल्पना अशी की, लिफ्टमध्ये कुणी मोठा माणूस भेटला तर त्याचा मजला यायच्या आत आपण त्याला पटलो पाहिजे. ज्याने कुणी ही कल्पना काढली तो लिफ्टने कधी गेलेला नसावा. लिफ्टमध्ये माणसं दारावरचे आकडे वाचतात. अनोळखी माणूस हसला तरी आपण खिसा चाचपतो. तिथे एखादा सोळा वर्षांचा मुलगा ‘नमस्कार, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ असं म्हणाला, तर मी पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने जाईन.

तर सराव सुरू झाला. एकेकाने समोर यायचं, मी मालक. चौथा मुलगा आला तो आईसह.

‘‘बस. नाव काय तुझं?’’ मी मालकाच्या आवाजात विचारलं.

मुलाने श्वास घेतला. तो वाया गेला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आईंनी सांगून टाकलं होतं. पाठोपाठ म्हणाल्या, ‘‘आम्ही अकरावीत आहोत. कॉमर्स घेतलंय. सायन्सला मिळत होतं, पण आम्हाला फिजिक्स जड जातं.’’

‘‘तुम्हालाही?’’

‘‘याला हो, सर.’’

आपल्या भाषेत ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो आणि ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर राहतो. त्या ‘आम्ही’त मी नव्हतो, हे उघडच होतं. मुलगा होता की नाही, याबद्दल मात्र मला शेवटपर्यंत खात्री वाटली नाही.

‘‘बरं, तुला काय काय येतं?’’

‘‘कॉम्प्युटर येतं आम्हाला. बोलायला जरा लाजतो, पण एकदा खुलला की मग बघायला नको.’’

तो कधी खुलत असेल आणि तेव्हा या कुठे असतात, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. गिळलं. ‘‘ताई, तुम्ही जरा मागे बसता का? मुलाखतीला आत एकट्यालाच जावं लागेल ना.’’

‘‘हो हो, मी काही बोलतच नाहीये,’’ म्हणत त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आणि तिथून त्यांचे ओठ हलू लागले. नाटकात प्रॉम्प्टर निदान विंगेत लपतो. इथे मी प्रश्न विचारायचो, तिसऱ्या रांगेत उत्तर उमटायचं आणि एका क्षणाने ते मुलाच्या तोंडून यायचं, डबिंग चुकलेल्या सिनेमासारखं.

‘‘तुझा एखादा कमकुवतपणा सांग.’’

तिसऱ्या रांगेत एक लांबलचक शब्द तयार झाला. मुलाने डोळे बारीक केले. ‘‘मी पर्फ... मी परफ्यूम...’’

‘‘परफेक्शनिस्ट!’’ आई उभ्या राहिल्या.

दोष सांगितला आणि तोही दुसऱ्याने दुरुस्त करून दिला! एवढा परफेक्शनिस्ट मी आजवर पाहिलेला नाही.

त्या माउलीचं तरी काय चुकलं म्हणा. आपली आपण स्तुती करतो त्याला समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खांत बसवलंय आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही. म्हणजे मुलाने स्वतःबद्दल बोलायचं नाही, बापाबद्दलही नाही. आईने मुलाबद्दल बोलू नये, असं त्या ओवीत नाही. जन्मभर ‘मी मी करू नकोस’ म्हणून डोक्यात टपली मारायची आणि सोळाव्या वर्षी त्याच डोक्याला ‘हं, आता सांग, तू कसा ग्रेट आहेस’ म्हणायचं, हा उद्योग मुळातच अवघड.

म्हणून मी मुलांना लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण दिलं. (सात मिनिटांत हेही धरलं असेल तर ते गैर आहे. हे ओळखीत नव्हतं, विषयात होतं.) १४८२च्या सुमारास, तिशीच्या आसपास, त्याने इटलीतल्या मिलानचा कारभार हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झासाठी नोकरीच्या अर्जाचं पत्र तयार केलं. त्यात दहा मुद्दे. हलके पूल बांधतो, खंदकातलं पाणी काढतो, आवाज न करता भुयार खणतो, तोफा ओततो, झाकलेले युद्धरथ करतो. दहाव्या मुद्द्यात शांततेच्या काळातली कामं, त्यात इमारती आणि पाण्याचे पाट, आणि पार शेवटी शिल्प आणि चित्रकला. तोवर या गृहस्थाची ओळख काय, तर चित्रकार! पण समोरच्याला गरज युद्धाची होती, म्हणून त्याने युद्ध आधी मांडलं. वर लिहिलं की, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो.

मी मोठ्या अपेक्षेने मुलांकडे पाहिलं.

एका मुलीने हात वर केला. ‘‘सर, म्हणजे न केलेलंही सांगायचं का?’’

मी पाणी प्यायलो. तिसऱ्या रांगेत आई भराभर वहीत उतरवून घेत होत्या.

आता थोडं रागाचं. या मुलांना सुट्टीतलं काम हवं असतं, फार तर अर्ध्या दिवसाचं. आणि त्यांना विचारतात काय, तर ‘अनुभव किती?’ आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ सालचा १३८ क्रमांकाचा करार सांगतो की, कामाचं किमान वय सक्तीचं शिक्षण संपायच्या आधीचं नसावं आणि साधारणपणे पंधराच्या खाली नसावं. अभ्यासाआड न येणारं हलकं काम तेवढं तेराव्या वर्षापासून चालतं. आता सोळा वर्षांच्या पोराकडे दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्याने वजाबाकी एकदा स्वतः करून बघावी. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?’ हा त्याच्या पुढचा. अहो, त्या वयात उद्या मिसरूड फुटणार का मुरूम, हेही कळत नसतं. मी पन्नाशीला आलो, मला परवाचं सांगता येत नाही. आणि ज्या मुलाचं काम दिवसभर खोक्यांना लेबलं लावणं असेल, त्याला ‘तुझ्यातले नेतृत्वगुण सांग’ कशाला? तो कुणाचं नेतृत्व करणार, खोक्यांचं?

शिवाय तीस सेकंद तरी कशाला हवेत? प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी २००६मध्ये दाखवलंय की, अनोळखी चेहरा एक दशांश सेकंद पाहूनच माणसं तो विश्वासू आहे की नाही, कर्तबगार आहे की नाही, हे ठरवतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, त्या मताबद्दलची खात्री तेवढी वाढते. या आईंच्या बाबतीत माझंही तसंच झालं. मत दारातच झालं होतं, पुढच्या पाऊण तासात फक्त खात्री वाढत गेली.

मग त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या.

मुलाने दाराकडे पाहिलं. ‘‘सर, एक सांगू? शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या खुर्च्या माझ्याकडे असायच्या. भाड्याच्या. तीनशे. रात्री मोजून परत द्यायच्या. पहिल्या वर्षी सहा कमी भरल्या. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग पुढच्या वर्षी मी प्रत्येक खुर्चीच्या पाठीला मागून खडूने नंबर टाकला आणि रांगेगणिक एकेका मुलाची सही घेतली. एकपण कमी नाही भरली. उलट एक जास्त आली.’’

‘‘जास्त? ती कुणाची?’’

‘‘हेडमास्तरांच्या ऑफिसातली. नंबर नव्हता ना तिच्यावर.’’

मी घंटी वाजवायला विसरलो. तीस सेकंद झाली होती की चाळीस, देव जाणे. तेवढ्यात आई आल्या.

‘‘काय सांगत होतास रे?’’

‘‘खुर्च्यांचं.’’

‘‘अरे, ते काय सांगायचं असतं! हमाली आहे ती. सर, हा वक्तृत्वात उत्तेजनार्थ आलाय, ते राहिलंच.’’

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मार्गदर्शक होतो, माझ्या शर्टाला तसा बिल्ला होता. पण मी म्हणालो, ‘‘हो, तेही छान आहे,’’ आणि पुढच्याला बोलावलं. मुलगा उठला, बसलेली खुर्ची उचलून रांगेत नीट लावली आणि गेला.

घरी येऊन चिठ्ठी पुन्हा वाचली. अक्षर कोवळं, भाषा मात्र ‘यावे’वाली. कुणी सांगितलं आणि कुणी लिहून घेतलं, यावर मी उगाच डोकं चालवत बसलो. मग मी माझी सात (पाच!) मिनिटं आठवून पाहिली. पदं होती, समित्या होत्या, एका मासिकाच्या सल्लागार मंडळावर असल्याचंही सांगितलं होतं, ते मासिक बंद पडलंय. खुर्ची एकही नव्हती.

आज सकाळी आयोजकांचा फोन आला. पुढच्या वर्षीही नक्की यायचं म्हणे, मुलांना फार आवडलं. मी जरा मान राखून ‘बघतो’ म्हणालो.

‘‘आणि सर,’’ ते अगदी आदराने म्हणाले, ‘‘या वेळी तुमची ओळख आम्हीच करून देऊ.’’